किल्ली माझ्याकडे असते

महापालिकेच्या या नाट्यगृहाची किल्ली माझ्याकडे असते.
पितळी, बोटभर लांब, दात झिजलेले.
दार जरा वर उचलून धरलं तरच ती फिरते,
हे ऑफिसात कुणालाच माहीत नाही.

पूर आला त्या साली कृष्णा आत आली,
सातव्या रांगेपर्यंत बसून राहिली,
तिकीट न काढता, चार दिवस.
तेव्हापासून प्रयोग नाही.
भिंतीवर गाळाची रेघ आहे. पुसायला सांगितलेलं,
मी पुसली नाही.

आता प्रचाराचा आठवडा. गावभागात रिक्षा फिरतात,
भोंगे एकमेकांच्या गाण्यांवर चढतात
आणि जो तो आमच्या करमणुकीची काळजी करतो.

धनपाल खोत आधी आला.
"चौकाचौकात ओपन जिम!"
म्हटलं, आहे की एक, देवळामागं.
मगदूम काकू तिच्यावर शेवया वाळत घालतात.
चांगल्या वाळतात.
कार्यकर्त्यानं वहीत लिहून घेतलं : शेवया.

सलीम मुजावरनं तलावाचा नकाशा आणला,
निळा रंग असा भरलेला की कागद ओला वाटावा.
घाटावर बापू आवटी बसलेले, वय चौऱ्याऐंशी.
पाठीला भोपळा बांधून
त्यांनी निम्मी पेठ पोहायला शिकवली.
बापू म्हणाले, "कर बाबा तलाव.
नदीत हल्ली फेस येतो, पोरांना उतरवत नाही.
फक्त त्या शिट्टीवाल्याला सांग,
पोरगं आधी पाण्याशी जरा बोलू दे."
सलीमनं नकाशाची गुंडाळी केली, हळू,
आणि घाटावरच बसला थोडा वेळ.

अलकाताई हारगे म्हणाल्या, महिलांसाठी सांस्कृतिक भवन,
वातानुकूलित, दर महिन्याला पैठणीचा खेळ.
गर्दीतून नसीमा म्हणाली,
"ताई, त्यात संडास कुठल्या बाजूला?"
पत्रकात नऊ मुद्दे होते. हा नव्हता.
ताईंनी पेन मागून घेतला
आणि तळहातावर लिहिला. हे मी पाहिलंय.

कीर्ती साळोखे अपक्ष. चिन्ह पेटी.
स्कूटीवर एकटीच आली. "काका, उघडा बघू."
इतक्या जणांत
उघडा म्हणणारी ती पहिली.
आत वटवाघळांचा वास, विंगेत आमची पेटी,
पुरात फुगलेली, भाकरीसारखी.
तिनं भाता ओढला. पांढरी चार वाजली
आणि थांबेचना.
"हिला किती लागतील?"
"मिरजेत विचारावं लागंल."
काही बोलली नाही.
मग पेटीसोबत फोटो काढलाच तिनंही.

शुक्रवारी ऑफिसातून कागद आला :
नाट्यगृह स्वच्छ करावे. मतदान केंद्र.
इतकी वर्षं ज्याला निधी नव्हता
त्याला दोन दिवसांत बल्ब मिळाले, फिनेल मिळालं,
उतारावर व्हीलचेअरसाठी फळी मिळाली.

रंगमंचावर मशीन. पुठ्ठ्याचा आडोसा.
खाली खुर्च्यांमधून रांग,
एकेक जण पायऱ्या चढून वर,
पाठमोरा, वाकलेला,
आणि मग ती लांबलचक शिट्टी.
आमची तिसरी घंटा अशी कधी केकाटली नव्हती,
तीही दिवसात सहाशे बारा वेळा.

दुपारी शशिकलाबाई आल्या, काठी टेकत.
याच फळ्यांवर त्या सतरा वर्षं उभ्या होत्या.
बटण दाबलं, आडोशातून बाहेर आल्या,
आणि सवयीनं
प्रेक्षागृहाकडं तोंड करून
हात जोडले.
रांगेतून एकच टाळी आली.
मग आणखी दोन-तीन.
केंद्राध्यक्ष म्हणाले, "शांतता राखा."

रात्री पेट्या सील होऊन गेल्या. बल्बही काढून नेले.
कोण निवडून येतंय ते बुधवारी कळंल.
मी रजिस्टर उघडलं. शाई लागलेल्या बोटानं
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं :

पंखे दोन चालू.
पडदा डावीकडं अडतो.
आवाज शेवटच्या रांगेपर्यंत नीट पोचतो.